शोधयात्रेची शिदोरी

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना जी उपनगरे पसरली आहेत, त्यांतील कोणत्याही स्थानकाबाहेर क्षणभर थांबून वर पाहिले, तर शिकवणीवर्गांच्या फलकांवरून एकच उपदेश आपल्याला पुनःपुन्हा वाचावयास मिळतो : मन कणखर करा, चिकाटी धरा, यश तुमचेच आहे. या उपदेशामागे शिक्षणाविषयीची एक संपूर्ण मीमांसा उभी आहे, आणि ती इतकी सर्वमान्य झाली आहे की तिची तपासणी करावी असे कोणास वाटत नाही. चिकाटी हा ज्ञानाहून वेगळा, स्वयंभू गुण आहे. तो आधी अंगी बाणवावा आणि मग त्याच्या बळावर हवे ते ज्ञान, हवी ती पदवी, हवा तो हुद्दा हस्तगत करावा, अशी ती मीमांसा. मला हा क्रम मुळातच उलटा वाटतो. आधी माणसाला एखादा प्रश्न पछाडतो, तो सोडता सोडवत नाही म्हणून माणूस चालत राहतो, आणि पुष्कळ चालून झाल्यावर मागे वळून पाहणारे लोक त्या चालण्याला चिकाटी असे नाव देतात. शिवाय ही चिकाटी एकट्याची कमाई कधीच नसते. वाटेत कोणीतरी अन्न दिलेले असते, कोणीतरी ग्रंथ उघडून दिलेला असतो, आणि घरी कोणीतरी वाट पाहत राहिलेले असते. हे दुसरे विधान मला पहिल्याहूनही महत्त्वाचे वाटते, कारण ते विसरल्यामुळेच आपण अपयशी विद्यार्थ्याला दुबळा ठरवून मोकळे होतो.

या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ ज्या चरित्राचा आधार मी घेणार आहे, त्याचा एक धागा अंधेरीत येऊन पोचतो. भारतीय विद्या भवन या संस्थेचे बिऱ्हाड तिच्या आरंभकाळी अंधेरीस होते, आणि या संस्थेने १९४० साली ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली ग्रंथ नागरी लिपीत प्रसिद्ध केला. बुद्धघोषाने इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपात रचलेला, शील, समाधी आणि प्रज्ञा या क्रमाने चित्तशुद्धीचा मार्ग विशद करणारा हा ग्रंथ सिंहली आणि ब्रह्मदेशी लिप्यांतील पोथ्यांमधून शतकानुशतके जतन झाला होता. परंतु ज्या भूमीत त्या मार्गाचा उगम झाला, तेथील सामान्य वाचकाला तो आपल्या लिपीत वाचण्याची सोय उरली नव्हती. ती सोय करून देणारे संपादक होते धर्मानंद कोसंबी. त्यांचे वय तेव्हा साठीच्या पलीकडे गेले होते, आणि या ग्रंथाशी त्यांचा सहवास तीन दशकांहून अधिक काळ चालला होता.

धर्मानंदांचा जन्म गोव्यातील सांकवाळ येथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी झाला. घरची स्थिती बेताची, शालेय शिक्षण त्याहून बेताचे, लग्न पोरवयातच झालेले, आणि रोजचा उद्योग म्हणजे माडांच्या बागायतीची देखभाल. अशा तरुणाच्या हाती ‘बालबोधमेवा’ नावाचे मुलांचे मासिक पडले, त्यात बुद्धाचे चरित्र आले होते, आणि ते वाचून त्याच्या मनाची अशी काही अवस्था झाली की या पुरुषाची शिकवण मुळातून जाणून घेतल्यावाचून आपले जिणे व्यर्थ आहे, असे त्याला वाटू लागले. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण थोरांची चरित्रे लिहिताना आपल्याकडे नायकाला जन्मतःच निश्चयाचा महामेरू ठरवण्याची चाल आहे. धर्मानंदांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘निवेदन’ या आत्मकथनात असा कोणताही आव नाही. विषण्णतेने ग्रासलेला, घर सोडण्याचे बेत करणारा, थोड्या अंतरावर जाऊन परत येणारा, पुन्हा तळमळणारा असा एक तरुण त्यात दिसतो. १८९९ च्या अखेरीस त्याने घर सोडले ते कणखर मनाने सोडले असे म्हणण्यापेक्षा, घरी राहणे त्याला अशक्य झाले म्हणून सोडले, असे म्हणणे सत्याला अधिक धरून होईल.

पुढच्या सात वर्षांचा प्रवास नुसता नकाशावर काढला तरी माणूस थक्क होतो : पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया, कलकत्ता, सिंहलद्वीप, मद्रास, ब्रह्मदेश. परंतु अंतराचे कौतुक करण्यात फारसे तात्पर्य नाही, कारण त्या काळी पोटासाठी त्याहून लांब जाणारे मजूर हजारोंनी होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, या प्रत्येक मुक्कामावर धर्मानंद पुन्हा पहिल्या इयत्तेत बसले. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या ज्ञानवृद्धांचा आश्रय मिळाला. पण बुद्धाचे ग्रंथ वाचावयाचे तर संस्कृत हवे, म्हणून काशीस जाऊन अन्नछत्रातील जेवणावर राहून व्याकरण घोकणे आले. काशीत संस्कृत येऊ लागले, तोच ध्यानात आले की हव्या असलेल्या ग्रंथांची भाषा पाली आहे, आणि ती शिकवणारा गुरू येथे नाही. १९०२ साली ते कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या पायाशी जाऊन बसले आणि श्रामणेर झाले, तेव्हा काशीत मोठ्या कष्टाने मिळवलेली शास्त्रीपणाची प्रतिष्ठा त्यांच्या काहीही उपयोगाची नव्हती. सिंहली अक्षरे गिरवण्यापासून त्यांना आरंभ करावा लागला. ब्रह्मदेशात गेल्यावर लिपी पुन्हा बदलली, आचार बदलला, अन्न बदलले. ज्याला एका विद्येत गती आली आहे, त्याने दुसऱ्या विद्येच्या दारात अडाणी म्हणून उभे राहणे, आणि आपल्याहून लहान मुलांच्या रांगेत बसून चुकीचे उच्चार दुरुस्त करून घेणे, याला जे धैर्य लागते ते उपासमार सोसण्याच्या धैर्याहून मला अधिक दुर्मिळ वाटते. उपाशी माणसाची कीव सर्वांना येते. चाळिशीत बाराखडी गिरवणाऱ्याकडे मात्र लोक संशयाने पाहतात.

आणि मग नेपाळचा प्रसंग आहे, जो शाळेच्या क्रमिक पुस्तकात यावा असे मला मनापासून वाटते. बुद्धाचा धर्म अजून जिवंत आहे असे ऐकून धर्मानंद मोठ्या आशेने काशीहून नेपाळात गेले. ती वाट सोपी नव्हती, खर्चास पैसा नव्हता, आणि पोचल्यावर त्यांना जे आढळले त्याने त्यांची घोर निराशा झाली; ज्या विवेकी, करुणामय शिकवणीसाठी ते निघाले होते तिच्या जागी त्यांना कर्मकांड आणि पशुबली दिसले. आजच्या भाषेत बोलायचे तर प्रकल्प संपूर्णपणे फसला. अशा वेळी दोन मार्ग मोकळे असतात : एक, आपली चूक झाली असे समजून घरी परतणे; दुसरा, इतके कष्ट वाया जाऊ नयेत म्हणून मिळाले त्यालाच खरे मानून तेथेच राहणे. चिकाटीची जी व्याख्या फलकांवर असते, तिच्यानुसार दुसरा मार्ग अधिक चिवट ठरेल. धर्मानंदांनी तिसरा मार्ग घेतला. ते बोधगयेस आले, चौकशी केली, आणि मूळ ग्रंथांचे अध्ययन सिंहलद्वीपात होते असे कळताच दक्षिणेची वाट धरली. त्यांचा प्रश्न तोच राहिला आणि उत्तर कोठे शोधावे याविषयीचा समज मात्र त्यांनी निःसंकोचपणे टाकून दिला. निराशेतून शिकणे म्हणजे याहून वेगळे काही नसते, असे मी मानतो. पण ते ज्याला साधते त्याचे लक्ष स्वतःच्या यशापयशाच्या हिशेबावर असून चालत नाही, ते शोधाच्या विषयावर असावे लागते. ज्याला केवळ यशस्वी व्हावयाचे असते, त्याला एक अपयशही असह्य होते, कारण त्याच्यापाशी अपयशानंतर विचारण्याजोगा दुसरा प्रश्नच शिल्लक नसतो.

हाच अलिप्तपणा पुढे त्यांच्या संसारी निर्णयांतही दिसतो. ब्रह्मदेशात भिक्षुदीक्षा घेतलेल्या या माणसाने १९०६ साली चीवर उतरवून ठेवले, कारण बुद्धाचा विचार आपल्या लोकांत नेण्याचे कार्य भिक्षूच्या वेषापेक्षा गृहस्थाच्या वेषात अधिक चांगले होईल, अशी त्यांची खात्री पटली होती. कलकत्त्यास पाली शिकवण्याची अडीचशे रुपयांची नोकरी त्यांच्याकडे चालून आली होती. ती सोडून त्यांनी सयाजीराव महाराजांनी देऊ केलेला दरमहा पन्नास रुपयांचा तनखा पत्करला, कारण त्या तनख्यावर महाराष्ट्रात राहून मराठीत लिहिता येणार होते. त्याच सुमारास मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळाले, आणि १९१२ पासून काही वर्षे फर्ग्युसन महाविद्यालयात ते पाली शिकवीत राहिले. हार्वर्डला ते चार वेळा गेले. हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने हाती घेतलेले आणि त्याच्या मृत्यूमुळे अपुरे राहिलेले ‘विसुद्धिमग्गा’चे संपादन तडीस नेण्यासाठी त्यांना तेथे बोलावले होते; परंतु पहिल्याच खेपेस श्रेयाच्या प्रश्नावरून तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि काम तसेच टाकून ते परत आले. तरीही ग्रंथ पुरा व्हावयास हवा म्हणून ते पुन्हा गेले. हार्वर्डची ती रोमन लिपीतील आवृत्ती प्रसिद्ध झाली १९५० साली, धर्मानंदांनी सेवाग्रामला प्रायोपवेशनाने देह ठेवल्याला तीन वर्षे होऊन गेल्यावर. मधल्या काळात या विद्वानाने १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उडी घेतली, विलेपार्ल्याच्या छावणीत काम केले, तुरुंगवास भोगला, आणि परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार उभा केला. केवळ हार्वर्डच्या आवृत्तीची वाट पाहत ते बसले असते, तर आपल्या श्रमाचे छापील फळ त्यांना पाहावयासही मिळाले नसते. अंधेरीच्या नागरी आवृत्तीने ते दिले, आणि ज्यांच्यासाठी ते घराबाहेर पडले होते त्या लोकांच्या लिपीत दिले.

शोधयात्रा परतीच्या वाटेशिवाय पुरी होत नाही, हे तत्त्व धर्मानंदांच्या आधीही जगाने पाहिले आहे. सातव्या शतकात चीनमधून निघालेला ह्युएनत्संग भारतभर हिंडला, महाराष्ट्रातही येऊन गेला. परंतु त्याची थोरवी केवळ वाळवंटे ओलांडण्यात नाही, परत गेल्यावर उरलेले सर्व आयुष्य त्याने नेलेल्या ग्रंथांचा अनुवाद करण्यात वेचले, यात ती आहे. आपल्या वांद्र्याचे सालिम अली यांचेही उदाहरण घेता येईल. जर्मनीत पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते परतले, तेव्हा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागा पैशाअभावी रद्द झाली होती. बेकारीचे ते दिवस त्यांनी किहीमच्या किनाऱ्यावर सुगरण पक्ष्याची घरटी निरखण्यात घालवले, आणि त्या निरीक्षणांनीच त्यांचे नाव शास्त्रज्ञांत प्रथम गाजवले. मात्र किहीमला त्यांना राहावयास घर होते, ही गोष्ट त्या कथेतून वगळली तर कथा खोटी होते.

म्हणूनच आता मी त्या दुसऱ्या विधानाकडे वळतो, आणि त्यासाठी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या डोंगरावर जावे लागेल. शंभराहून अधिक लेणी असलेला हा डोंगर सुमारे हजार वर्षे विद्येचे आणि साधनेचे ठाणे होता. तेथे जाणारे बहुतेक लोक चैत्यगृहाच्या ओवरीतील उंच बुद्धमूर्ती पाहतात आणि परततात. पण तेथील विहारांच्या दारांशी खाली वाकून पाहावे. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या अंगणात एका बाजूस, कातळात कोरलेले चौकोनी तोंडाचे पाण्याचे टाके आहे. टाक्याच्या कडेला झाकणी बसावी अशी खाच आहे. आणि डोंगराच्या उतारावर बोटभर ते वीतभर खोलीच्या पन्हळी अशा हिशेबाने काढल्या आहेत की पावसाचे पाणी इकडे-तिकडे न सांडता आपोआप त्या टाक्यांत उतरावे. खडक तोच, छिन्नी तीच. मूर्ती घडवणाऱ्याने जितका विचार केला, तितकाच पाणी साठवणाऱ्यानेही केला आहे. त्याशेजारीच ब्राह्मी अक्षरांत दात्यांची नावे आहेत : कल्याणचा व्यापारी, सोपाऱ्याचा रहिवासी, सोनार, गृहिणी, भिक्षुणी. कोणी लेणे दिले, कोणी टाके दिले, कोणी कायमची ठेव ठेवून तिच्या व्याजातून पावसाळ्यात मुक्कामास येणाऱ्या भिक्षूला वस्त्र मिळावे अशी तजवीज केली. नवव्या शतकातील, शिलाहारांच्या अमदानीतील एका लेखात तर पूजा, लेण्याची डागडुजी आणि चीवरे यांच्या जोडीला ग्रंथांसाठीही द्रम्म नाण्यांची तरतूद आहे. अकराशे वर्षांपूर्वी आजच्या बोरिवलीच्या हद्दीत पुस्तकखरेदीची रक्कम कातळावर लिहून ठेवली गेली, ही गोष्ट आमच्या मुलांना कोणी सांगत नाही याचे मला दुःख होते.

भिक्षूचे धैर्य मोठे होते, यात शंका नाही; परंतु त्या धैर्याला पाणी लागत होते, आणि ते पाणी कल्याणच्या कोणा व्यापाऱ्याने साठवून ठेवले होते. धर्मानंदांच्या प्रवासात काशीचे अन्नछत्र, कोलंबोचे परिवेण, भांडारकरांचा शब्द आणि सयाजीरावांचा तनखा यांनी हेच काम केले. शिदोरी बांधून देणारे हात नसते, तर त्या तळमळणाऱ्या तरुणाचे नाव आज कोणाला ठाऊकही नसते. आणि अशी शिदोरी न मिळाल्यामुळे जे अर्ध्या वाटेवरून परतले, त्यांच्या मनोधैर्यात काही उणे होते असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

या हातांत सर्वांत जवळचे आणि सर्वांत कमी उच्चारले जाणारे हात धर्मानंदांच्या पत्नी बाळाबाई यांचे आहेत. धर्मानंद घर सोडून गेले तेव्हा त्यांची थोरली मुलगी माणिक तान्ही होती. पतीने ज्ञानासाठी घर सोडले, ही गोष्ट आज आपण गौरवाने सांगतो. पण त्या काळच्या गोमंतकीय समाजात पतीने टाकलेली स्त्री म्हणून सात वर्षे जगणे काय असेल, याची कल्पना करण्यास फारशी प्रतिभा लागत नाही. पुढे १९१८ साली वडिलांनी माणिक आणि दामोदर या मुलांना अमेरिकेस नेले. माणिकताईंनी तेथे पदवी मिळवली, दामोदर पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झाले. बाळाबाई मात्र मागेच राहिल्या. धर्मानंदांवर दोषारोप करण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांच्याविषयीचा माझा आदर हे लिहिताना तिळमात्र कमी होत नाही. परंतु जी शोधयात्रा आपल्याला धडे देते, तिचा खर्च कोणाच्या खाती मांडला गेला हे न पाहता धडे घेणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. एकाच्या चिकाटीमागे दुसऱ्याची सोशिकता असते, आणि आपल्या समाजात ही दुसरी व्यक्ती बहुधा स्त्री असते. आजही विद्यार्थ्याच्या परीक्षेसाठी पहाटे चारला उठून डबा करणारी आई त्या यशाच्या जाहिरातीत कोठे दिसत नाही.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, धर्मानंदांची गोष्ट आजच्या उपनगरी माणसाच्या काय कामाची? त्याच्या डोक्यावर घराच्या कर्जाचा हप्ता आहे, सकाळच्या विरार गाडीत त्याला पाय ठेवण्यापुरती जागा मिळाली तर दिवस चांगला गेला असे तो समजतो. तो नेपाळला कसा आणि कोलंबोला कसा जाणार? आक्षेप रास्त आहे, आणि घरदार सोडून निघा असे कोणालाही सांगण्याचा माझा हेतू नाही. उलट मला असे वाटते की, ज्यासाठी धर्मानंदांना सात वर्षे वणवण करावी लागली त्यातील पुष्कळसे आता त्याच माणसाच्या दाराशी येऊन पोचले आहे. घाटकोपरला लागून असलेल्या विद्याविहारच्या सोमैया परिसरात बौद्ध अध्ययनाचे केंद्र आहे; कलिन्याला मुंबई विद्यापीठात पालीचा स्वतंत्र विभाग आहे; ज्या ब्रह्मदेशात ध्यानविधी शिकण्यासाठी धर्मानंद भिक्षापात्र घेऊन हिंडले, त्याच देशाच्या परंपरेतून आलेला विपश्यनेचा पगोडा बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडली की गोराईला दिसतो. अंतर उरलेले नाही. उरली आहे ती पुन्हा पहिल्या इयत्तेत बसण्याची अडचण, आणि ती अडचण एकट्या माणसाच्या मनाची नाही, आपण उभारलेल्या व्यवस्थेची आहे.

आपल्या उपनगरांत अभ्यासिका आहेत, आणि त्या उभारणाऱ्यांचे उपकार मानले पाहिजेत. विलेपार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघासारख्या, १९२३ पासून चालत आलेल्या संस्थांनी दोन-तीन पिढ्यांना वाचावयास लावले आहे. परंतु अभ्यासिकेतील टेबलावर बसण्याचा अधिकार आपण मनोमन परीक्षार्थीलाच बहाल केला आहे. ज्याची कोणतीही परीक्षा नाही, ज्याला बढती मिळणार नाही, असा पंचेचाळीस वर्षांचा कारकून पालीचे किंवा तारकाशास्त्राचे पुस्तक घेऊन आत शिरला तर त्याच्याकडे तरुण मुले विस्मयाने पाहतात, आणि तो थोड्याच दिवसांत येईनासा होतो. ग्रंथालयांच्या वेळा पाहाव्यात तर चर्चगेटहून किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून सुटलेला नोकरदार आपल्या स्थानकावर उतरेपर्यंत पुष्कळ ठिकाणी दिवे मालवण्याची तयारी सुरू झालेली असते. गृहिणीची स्थिती त्याहून कठीण, कारण तिला मोकळा असा तास दुपारी मिळतो आणि नेमकी तेव्हा अनेक वाचनालये विश्रांतीसाठी बंद असतात.

ही गोष्ट सुधारण्यास फार मोठी सनद लागत नाही. महापालिकेच्या प्रत्येक विभागात निदान एक ग्रंथालय दुपारभर आणि रात्री दहापर्यंत उघडे राहील, त्यात परीक्षेच्या पुस्तकांखेरीज भाषा शिकण्याची, लिपी शिकण्याची, शास्त्रांच्या प्रवेशाची पुस्तके मराठीतून असतील, आणि वयाचा वा प्रयोजनाचा दाखला न विचारता कोणालाही तेथे बसता येईल, एवढी तरतूद अंदाजपत्रकात होणे अशक्य नाही. गृहनिर्माण संस्थांच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीतील एक लहानसा हिस्सा दरवर्षी ग्रंथखरेदीसाठी बाजूस काढावा असा ठराव कोणत्याही सर्वसाधारण सभेत मांडता येईल. आमच्या सभेत तो मी येत्या वर्षी मांडणार आहे, आणि त्यास अनुमोदन देण्याचे दोन शेजाऱ्यांनी, त्यांतील एक नुकत्याच निवृत्त झालेल्या शिक्षिका आहेत, आताच कबूल केले आहे.